किल्ल्या सोपविताना

बँकेत शाखाधिकाऱ्याची बदली झाली की ‘चार्ज’ देण्याची एक ठरलेली रीत असते. तिजोरीतील रोकड मोजली जाते, सोनेतारणाच्या पाकिटांची सीले तपासली जातात, कोऱ्या ठेवपावत्यांचे क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहिले जातात. मग किल्ल्यांच्या नोंदवहीत जुना अधिकारी ‘दिल्या’ म्हणून आणि नवा अधिकारी ‘घेतल्या’ म्हणून सही करतो. कालपर्यंत ज्याच्या किल्लीवाचून तिजोरी उघडत नव्हती, त्याचा त्या सहीनंतर तिजोरीशी संबंध उरत नाही. या रीतीत कोरडेपणा आहे खरा. परंतु आता कोण जबाबदार, याविषयी कोणाच्याही मनात संदेह राहत नाही, हा तिचा मोठा गुण होय.

घरात आणि पेढीवर अशी नोंदवही नसते. म्हणूनच की काय, उतारवयातील असमाधानाचा फार मोठा भाग या न झालेल्या सहीतून जन्माला येतो, असे माझे मत झाले आहे. प्रकृती, पैसा, एकटेपणा ही कारणे आहेतच. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. अधिकार कसा सोडावा आणि सोडल्यानंतर हातात काय उरावे, याविषयी मात्र आपण सहसा बोलत नाही.

आपल्या व्यापारी कुटुंबांत याचे दोन नमुने नित्य दिसतात. पहिल्या घरात वडील पंच्याहत्तरी ओलांडूनही गल्ल्यावर बसतात. मुलगा पन्नाशीला आलेला, नातू कॉलेजात, तरी मालाची खरेदी ‘बाबूजींना विचारून सांगतो’ या वाक्याशिवाय पुरी होत नाही. मुलाच्या मनात साचत जाते. वडिलांना रात्री झोप लागत नाही, कारण जबाबदारी अजून त्यांचीच असते. दुसऱ्या घरात नेमके उलट घडते. एखाद्या आजारपणाच्या भीतीने किंवा कोणाच्या तरी आग्रहाने वडील एका दिवसात दुकान, घर, ठेवी असे सर्वकाही मुलांच्या नावे करून मोकळे होतात, आणि पुढे औषधाच्या पैशांसाठीही त्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. पहिल्या घरातला माणूस सोडू शकत नाही, दुसऱ्या घरातल्याने काय सोडायचे आणि काय राखायचे याचा विचारच केलेला नसतो. समाधान दोघांनाही मिळत नाही.

बँकेच्या काउंटरच्या आतील बाजूस बसून मी अनेक वर्षे एक गोष्ट पाहत आलो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुकावर नोंदी करून घेण्यासाठी येणाऱ्या ज्येष्ठांपैकी निम्म्यांना नोंदीची घाई नसे. पेन्शन जमा झाली आहे हे त्यांना ठाऊक असे. ते येत, बाकावर बसत, ‘साहेब, व्याजाचे दर बदलले का?’ असे विचारीत, आणि त्यांना खुर्ची देऊन दोन मिनिटे उत्तर दिले की प्रसन्न होऊन जात. त्यांचे काही विचारावे आणि आपलेही कोणी काही विचारावे, एवढ्यासाठी ती खेप असे.

अधिकार सोडण्याच्या बाबतीत आपल्या परंपरेत एक विलक्षण स्पष्ट उदाहरण आहे. ‘उपासकदशांग’ या सातव्या अंगसूत्रातील पहिला श्रावक आनंद. वाणिज्यग्रामातील या गृहस्थाची संपत्ती आपण पर्युषणात ऐकतो ती अशी: चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घर व साधनसामग्रीत आणि दहा-दहा हजार गायींचे चार कळप. जुन्या सवयीमुळे मला ही वाटणी प्रत्येक वेळी थक्क करते; राखीव निधी, खेळते भांडवल आणि स्थावर, तिन्ही समसमान! भगवान महावीरांपुढे व्रते घेताना आनंदाने हे सारे फेकून दिले नाही. आहे त्यावर त्याने मर्यादेची रेघ ओढली आणि ‘यापुढे नाही’ असे ठरविले. दातवणापासून फळापर्यंत नित्य उपभोगाच्या वस्तूंचीही त्याने सीमा आखून घेतली. त्याची पत्नी शिवानंदा हिनेही ही श्राविकाव्रते स्वीकारली. घरातील एकानेच मर्यादा घालून भागत नाही, हे त्या काळीही ओळखलेले होते.

परंतु माझ्या विषयाशी संबंध आहे तो पुढील भागाचा. व्रतपालनाची चौदा वर्षे लोटल्यावर, पंधराव्या वर्षी एका रात्री आनंदाच्या मनात विचार येतो, की नगरातील इतके लोक इतक्या कामांत माझा सल्ला घेतात, त्यामुळे मला माझी धर्मसाधना नीट करता येत नाही. मग तो काय करतो? चुपचाप बाजूला होत नाही. आप्तस्वकीयांना व मित्रांना निमंत्रण देतो, जेवू घालतो, त्यांचा सत्कार करतो, आणि त्या सर्वांच्या देखत ज्येष्ठ पुत्राला कुटुंबाचा आधार म्हणून आपल्या जागी बसवितो. तेवढ्यावरही थांबत नाही. आजपासून कोणीही व्यवहारातील कोणतीही गोष्ट मला विचारू नये, असे तो सर्वांना सांगतो आणि मगच कोल्लाग संनिवेशातील पौषधशाळेत जातो.

यात दोन बारकावे आहेत. एक म्हणजे साक्षीदार. पुत्राला एकांतात ‘आता तूच बघ’ म्हणणे आणि चार लोकांसमोर त्याला आपल्या जागी बसविणे यांत फार अंतर आहे. गिऱ्हाईक, अडत्या, दिवाणजी यांना नवा धनी कोण हे त्याशिवाय कळत नाही. दुसरा बारकावा त्याहून कठीण. आनंदाने अधिकार दिला आणि विचारले जाण्याचा मानही स्वतः होऊन सोडला. आपण पहिली गोष्ट कशीबशी करतो. दुसरीसाठी तयार नसतो. दुकान मुलाला दिलेले असते, पण त्याने आपल्याला न विचारता एखादा व्यवहार केला की दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

आनंदाच्या काळी बक्षीसपत्रे नव्हती. आज आहेत, म्हणून येथे व्यवहाराचे दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. महाराष्ट्रात राहते घर मुलांना किंवा नातवंडांना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये एवढे नाममात्र आहे. त्यामुळे ‘आत्ताच करून टाका’ असा आग्रह सहज होतो. आग्रह करणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. तरीही व्यापार, अधिकार, सह्या हे सारे अवश्य द्यावे, मात्र डोक्यावरचे छप्पर आणि दोघा पति-पत्नींच्या निर्वाहापुरत्या ठेवी हयातीत स्वतःच्या नावे राखाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांची व्यवस्था मृत्युपत्राने करता येते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे आणि त्याचे तेविसावे कलम, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळण्याची वाट दाखविते, हे खरे. परंतु ती अट हस्तांतरणाला जोडलेली असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका निकालात म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा असे सांगून एका मातेने मुलाला दिलेली मालमत्ता तिला परत मिळवून दिली. म्हणजे आधार आहे. पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागलेल्या मातेच्या मनःशांतीचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. द्यायचेच असेल तर सांभाळाची अट बक्षीसपत्रात शब्दशः लिहून घ्यावी. मुलावर अविश्वास दाखविला असे यात काहीही नाही. बँकेच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. म्हणून त्या दोघांत वैर असते असे कोणी मानीत नाही.

हे सारे नीट पार पडले, तरी खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. आनंद श्रावकाला पौषधशाळेत साधना होती, ध्येय होते. आपल्यापैकी बहुतेकांची तेवढी तयारी नसते. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे होतात, प्रवचन होते, वर्तमानपत्र दोनदा वाचून होते, आणि घड्याळात सकाळचे अकरा वाजलेले असतात. अधिकार गेला, वेळ उरला. या वेळेचे काय करावे, याचे उत्तर शोधताना मला ग्रंथांइतकीच मदत आमच्या जामखेडमधील काही निरक्षर स्त्रियांच्या उदाहरणाने झाली.

जामखेडचे नाव जगातील आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, ते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली येथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पामुळे. आज त्याचा उल्लेख कौतुकाने होतो. पण त्या वेळचा आमचा तालुका ज्यांना आठवतो त्यांना ठाऊक आहे, की रस्ते नव्हते, विहिरी आटलेल्या, आणि १९७२ चा दुष्काळ दाराशी येऊन ठेपलेला. प्रकल्पाच्या सुरुवातीच्या काळात या खेड्यांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत असत. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात. तेव्हा आरोळे दांपत्याने गावातूनच एकेक बाई निवडायला सांगितली. आलेल्या स्त्रियांत अनेक दलित होत्या, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेल्या. शाळेची पायरी बहुतेकींनी चढलेली नव्हती.

या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत. बाळंतपण स्वच्छतेने कसे करावे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, मुलाचे वजन का नोंदवावे, अंगावरचा बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाचा संशय का घ्यावा, असे एकेक. निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया एकत्र जेवत आणि एकाच छताखाली झोपत. त्या काळच्या खेड्यात ही गोष्ट औषधापेक्षा कमी महत्त्वाची नव्हती. विसावे शतक संपण्यापूर्वी त्याच गावांतील बालमृत्यूचे प्रमाण हजारी तिसाच्या खाली आले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या त्या २००५ नंतर, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रयोगाचे आगळेपण कळते.

यशाचा इतिहास सांगणे हा माझा हेतू नाही. माझ्या मनाला भिडते ते या स्त्रियांचे उतारवय. त्यांना सरकारी नोकरी नव्हती, वेतनश्रेणी नव्हती, ग्रॅच्युइटी नव्हती, आणि म्हणून निवृत्तीचे वयही नव्हते. निर्वाहासाठी कोणी शेळ्या पाळल्या, कोणी बांगड्या विकल्या, कोणी शेतात राबले. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे त्या काम करीत राहिल्या आणि केस पांढरे होत गेले तसा त्यांचा शब्द अधिक मोलाचा होत गेला. पुढे बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. म्हणजे ज्या कौशल्यावर त्यांचा मान उभा होता, तेच कमी लागू लागले. आपल्याकडे असे झाले की माणूस ‘आमच्या वेळी’ असे म्हणत कोपऱ्यात बसतो. या स्त्रिया रक्तदाब मोजायला शिकल्या, मधुमेहाविषयी बोलू लागल्या, घरात मार खाणाऱ्या सुनांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. देशोदेशींचे डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांना शिकविणाऱ्यांत या नऊवारीतल्या बायाही होत्या.

त्यांच्यापैकी मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन येथील आरोग्यविषयक परिषदेत बोलल्या. सभागृहातील झगमगती झुंबरे पाहून त्यांनी आपल्यासारख्या कार्यकर्तीची तुलना साध्या दिव्याशी केली, जो दुसरा दिवा लावू शकतो आणि तसे करताना स्वतः उणा होत नाही. ज्या बाईच्या गावी तेव्हा धड वीज नसावी, तिने झुंबराखाली उभे राहून हे सांगावे, याचे मला आजही नवल वाटते.

मी वाणिज्याचा विद्यार्थी. आमच्या हिशेबात दिलेली रक्कम एका खात्यातून वजा होते तेव्हाच दुसऱ्यात जमा होते. अधिकाराचेही तसेच आहे; मुलाच्या हाती पूर्ण यायचा तर बापाच्या हातून पूर्ण जायला हवा, मधला मार्ग नाही. ज्ञानाला हा नियम लागू पडत नाही. आरोळे डॉक्टरांनी आपली विद्या परिचारिकांना दिली, त्यांनी खेड्यातल्या स्त्रियांना, त्या स्त्रियांनी घरोघरच्या आयांना. कोणाच्याही खात्यातून काही वजा झाले नाही. डॉ. मेबल १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये गेले. पुढची जबाबदारी त्यांच्या मुलांनी, डॉ. शोभा आणि रवी आरोळे यांनी सांभाळली, आणि खेड्यांतील काम खंडित झाले नाही. उतारवयात सोडायची ती सत्ता आणि वाटायची ती विद्या, हा भेद मला या उदाहरणाने स्पष्ट झाला. आपण बहुधा याच्या उलट करतो. सत्ता घट्ट धरतो, आणि अनुभव मात्र ‘आजकालच्या मुलांना कुठे ऐकायचंय’ म्हणून कुलूपबंद ठेवतो.

यावर कोणी म्हणेल, ज्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे त्यांना हे कसले समाधान सांगता? आक्षेप योग्य आहे. जोडीदार गेल्यानंतरचे रिकामे घर कोणत्याही कामाने भरत नाही, आणि भरते असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आमच्याच तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव आता जिल्ह्याला मिळाले आहे. पती गेले, पित्यासमान सासरे गेले, पाठोपाठ पुत्र गेला; वयाच्या सहासष्टाव्या वर्षी जावई गेला आणि लेक सती गेली. त्या सुखी होत्या असे म्हणण्याचे धाडस कोण करील? तरीही सत्तराव्या वर्षी, १७९५ मध्ये, देह ठेवेपर्यंत राज्याचा कारभार आणि खासगीतून चाललेली घाटांची, धर्मशाळांची कामे त्यांनी थांबविली नाहीत. सुख आणि समाधान या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली नशिबाच्या हाती असते, आणि दुसरीला निदान दाराशी येण्यासाठी काही तरी निमित्त लागते.

माझ्यापुरते निमित्त अगदी साधे आहे. आठवड्यातून दोन सकाळी प्रवचनानंतर मी स्थानकाच्या ओसरीवर एक मेज घेऊन बसतो. कोणाचा नामनिर्देशनाचा अर्ज, कोणाची केवायसी, कोणाला खरेदीखत वाचून हवे असते. नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांमुळे गर्दी होते. अलीकडे नवीनच भर पडली आहे. ‘आम्ही पोलिसांतून बोलतो, तुमच्या नावे गुन्हा आहे, व्हिडिओ कॉलवरून हलू नका’ अशा धमक्या देऊन वृद्धांच्या ठेवी मोडायला लावणाऱ्या टोळ्या. अशी अटक कायद्यात नाही, फोन बंद करावा आणि १९३० या क्रमांकावर कळवावे, हे मी प्रत्येकाला सांगतो. एका आजींनी तो क्रमांक देवघराच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे. अर्ज दहा मिनिटांत भरून होतो. माणसे मात्र तासभर बसतात. मी त्यांना उठवीत नाही. मलाही कुठे जायचे असते?

ओसरीवर येणाऱ्यांत धान्याचे एक जुने व्यापारी आहेत. वय शहात्तर. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या वहीपूजनाला त्यांनी सर्व अडते, हमाल आणि गिऱ्हाइके यांच्यासमोर मुलाला गादीवर बसविले आणि त्या दिवसापासून स्वतः गादीला पाठ लावली नाही. दुकानात ते जातात, पण बसतात बाहेरच्या बाकावर. आडतीवर येणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांना मूठभर धान्य हातात घेऊन ते शिकवतात, दाणा दाताखाली फोडला की आवाज कसा यावा, पोत्यात हात कोपरापर्यंत घातला की ऊब कुठे जाणवते, पाखराने पोखरलेला दाणा वजनाला कसा लागतो. मुलाने ओलावा मोजण्याचे यंत्र घेतले आहे आणि भाव त्यावरच ठरतो. त्यात वडील तोंड घालीत नाहीत. गेल्या भाद्रपदात उडदाच्या एका गाडीवर यंत्राचा आकडा मुलाला पटेना. त्याने यंत्र खाली ठेवले, ओंजळभर उडीद घेतला आणि बाहेर बाकापर्यंत येऊन म्हणाला, “बाबूजी, जरा बघता का?”